चित्रकथेतून लेखनाकडे



‘आमची शेळी’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या असता चौथीच्या वर्गातील काही मुले कोरी वही पुढे करतात. तीच मुले मधल्या सुटीत, शेळी दावे तोडून शेजाऱ्याच्या जोंधळ्यात कशी शिरली, हे हातवारे करून सांगत असतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, असे नव्हे. बोलण्याकडून लिहिण्याकडे जाणारी वाट त्यांना सापडलेली नसते. अशा मुलांवर ‘मंद’ असा शिक्का मारणे हा अन्याय होय.

ही वाट चित्रातून जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे मांडून रामायण-महाभारतातील कथा सांगतात. चित्र प्रसंग धरून ठेवते; शब्द तो पुढे नेतात. जिनिव्हाचे एक शाळामास्तर रोदोल्फ तोप्फेर यांनी १८२७ साली चित्रे व त्यांखाली मजकूर अशी कथा रचली, तीही याच रीतीने.

वर्गात एक कोरा कागद तीन वेळा दुमडावा. उलगडल्यावर आठ चौकटी मिळतात. मुलाने आपली हकीकत प्रथम सोबत्यास सांगावी आणि मग प्रत्येक चौकटीत एकच प्रसंग काढावा. काडीची माणसे चालतील. येथे चित्रकलेची परीक्षा नाही. पात्राचे बोलणे फुग्यात व निवेदन चौकटीखाली लिहावे. फुग्यातील आजी ‘आरं, धर तिला!’ असेच म्हणेल. ते खोडू नये. निवेदन मात्र हळूहळू प्रमाण भाषेत यावे. अशा रीतीने घरची भाषा व पुस्तकाची भाषा एकाच पानावर सन्मानाने नांदतात.

‘या दोन चौकटींच्या मध्ये काय घडले?’ हा प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरातूनच ‘इतक्यात’, ‘तोवर’, ‘म्हणून’ हे जोडशब्द मुलाच्या लेखणीत येतात. दुरुस्ती करताना एका वेळी एकच बाब घ्यावी. आज विरामचिन्हे, तर उद्या ऱ्हस्व-दीर्घ. तांबड्या शाईने भरलेले पान पाहून मूल पुन्हा मुके होते.

शेवटी चित्रे बाजूस ठेवून तीच हकीकत सलग लिहवून घ्यावी. चित्र ही पायरी आहे. पायरीवरच मुक्काम नसावा.

तयार झालेले कागद सुईदोऱ्याने शिवून वर्गात वाचावयास ठेवावेत. कोरी वही पुढे करणाऱ्या मुलाचे पुस्तक दुसरे मूल हसत हसत वाचू लागले, की पुढील वेळी त्याला लिहावयास बसविण्याची गरज उरत नाही.