सहलीचा दिवस रांगेत जाऊ नये म्हणून



खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात यंदाची सहल न्यावी, असे मंडळात घाटत आहे. तिकीट काही स्वस्त नाही. तेव्हा दिवस रांगेत घालवणे परवडायचे नाही.

रांगेचा हिशेब सोपा आहे. एका फेरीत २० माणसे बसतात आणि दर ३ मिनिटांनी फेरी सुटते, असे धरा. तासाला ४०० माणसे झाली. आपल्यापुढे २०० जण असले, की अर्धा तास गेलाच! म्हणून शनिवार-रविवार व सुट्यांचे दिवस टाळावेत. दार उघडण्यापूर्वीच पोहोचावे आणि ‘नायट्रो’ रोलर कोस्टरसारखी गर्दीची राइड प्रथम गाठावी. दुपारी गर्दी वाढते. तेव्हा छपराखालचे, बसून पाहायचे खेळ घ्यावेत. सकाळी भरपेट न्याहरी करून जेवण अडीचनंतर घ्यावे, म्हणजे तिथलीही रांग टळते. मुलांची उंची घरीच मोजावी आणि कोणती राइड चालेल ते आधी पाहावे. ताटकळून दारातून परत फिरण्यासारखी मुलाची दुसरी निराशा नाही.

आता मुख्य गोष्ट. अशा सहलीत पिशव्या कोण सांभाळते? आईच! सारे राइडवर, आणि ती बाकावर. तेव्हा सामान लॉकरमध्ये ठेवावे, नाही तर आळीपाळीने बसावे. यादीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या आवडीची एक राइड लिहू या. ती झाल्याशिवाय परतीची बस हलायची नाही, एवढे आजच ठरवू या.