हळद्या, रानभेंडी आणि बियाण्याची पिशवी

(ईट, ता. भूम येथील बैठकीतील भाषण)



आज भेंडीच्या बियाण्याबद्दल बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, इथे प्यायच्या पाण्याची मारामार आणि हे भेंडी काय घेऊन आले? पण ज्याच्या विहिरीत जेमतेम दोन तास मोटार चालते, तो उसाचा विचार करीत नाही. तो दहा गुंठे भाजी लावतो. दुधाच्या पैशाला जोड म्हणून बाजाराच्या दिवशी हातात काही पडते ते तिचेच.

या भेंडीचा खरा वैरी हळद्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान, मग फळही पांढरट. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. विषाणूवर औषध नाही. दुकानात मिळते ते माशीचे. आणि भेंडी तर दिवसाआड तोडावी लागते, नाही तर जून होते. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नका असे लिहिलेले असते. थांबावे तर माल जून, न थांबावे तर विष खाणाऱ्याच्या ताटात. शहरातल्या परिसंवादांत पर्यावरणावर उपदेश करणाऱ्या मंडळींना हे दिवसाआडचे गणित कोणी सांगितलेले नसते. फवारणी कमी करायची तर पंपावर बंदी घालून भागणार नाही, सुरुवात बियाण्यातच करावी लागेल.

ती सुरुवात एकदा आपल्या मराठवाड्यात झालेली आहे. १९६०च्या आसपास दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. हरभजन सिंग यांनी ‘पुसा सावनी’ काढली. हळद्याला दाद न देणारा तिचा एक पालक बंगालमधला देशी वाण होता, म्हणजे शेतकऱ्यांनीच सांभाळलेला. या पुसा सावनीच्या बियाण्यापासून जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बीजोत्पादन सुरू केले. १९६४ साली महिको उभी राहिली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण पुसा सावनी पुढे हळद्याला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा संकर रानभेंडीशी केला. असा दूरचा संकर सोपा नसतो. पहिल्या पिढीत बी नीट धरत नाही, पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करीत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जावे लागते. त्यातून १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली. बांधावरच्या ज्या झुडपाला आपण तण म्हणून उपटतो, त्याच्या जातभाईने ही ताकद दिली. बंगळूरच्या संस्थेची ‘अर्का अनामिका’सुद्धा रानभेंडीचीच लेक.

क्रांतीची ताकदही कालांतराने ओसरली, हे लपवण्यात अर्थ नाही. एकाच धाटणीचे वाण मैलोन्‌मैल लावले की विषाणूला एकच कुलूप उघडावे लागते. म्हणून टिकाऊ बियाणे म्हणजे एकदा काढून ठेवलेले बियाणे नव्हे. ते काढत राहण्याचे काम आहे आणि त्यासाठी रानातला व घराघरातला जुना साठा शिल्लक असावा लागतो. अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी भाजीपाल्याचे बी जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्कार झाले, छान झाले. पण त्या साठ्यातून संशोधकांनी पुढची निवड केली नाही तर बँक असून कर्ज नाही अशी गत होईल.

संकरित बियाण्याला आमचा विरोध नाही. हळद्याला तोंड देणारे चांगले संकर बाजारात आहेत, एकसारखा माल निघतो, व्यापारी खूष. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण त्याचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाड झाडासारखे राहत नाही, म्हणून दर हंगामाला पिशवी विकत. सरळ वाणाचा पर्याय जिवंत असेल तरच त्या पिशवीच्या किमतीला वेसण राहते. तो जिवंत ठेवणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि पुरेसे बी पिकवून ते वेळेवर आमच्यापर्यंत पोचवणेही. दुसरी मागणी अशी : निवड भरपूर पाणी आणि औषध दिलेल्या वाफ्यांतच करू नका. भूमसारख्या हलक्या रानात, कमी पाण्यात, विनाफवारणी लावून पाहा. जिथे निवड होते तिथल्यासारखेच वाण निपजते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमाने बी राखणे, पेरणे, देवघेव करणे, विकणेही आपला हक्क आहे. फक्त ब्रँडची छाप मारून विकता येत नाही. २०१९ साली बटाट्याच्या वाणावरून पेप्सिकोने गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि महिन्याभरात ते मागे घेतले, ते उगीच नव्हे.

आता कामाचे. प्रत्येक गावातून दोघांनी सरळ वाणाच्या चार ओळी फक्त बियाण्यासाठी ठेवाव्यात. भाजीच्या ओळीतच शेंगा वाळू दिल्या तर झाड नवे फळ धरायचे कमी करते आणि तोडा बुडतो. मधमाश्या परागकण नेतात, म्हणून दुसऱ्या भेंडीपासून निदान दोनशे मीटर अंतर हवे. हळद्या बियाण्यातून येत नाही, पण रोगट झाडाच्या बियाण्यातून त्याचा नाजूकपणा येतो; तेव्हा पिवळे पडलेले झाड फुलोऱ्यापूर्वीच उपटा, आणि बियाण्याच्या ओळींवर माशीचे औषध मारू नका, नाही तर कोणते झाड स्वतःच्या बळावर उभे आहे ते कळणारच नाही. नावे बैठक संपताच वहीत लिहून द्या, आणि विहीर कोणाची किती दिवस चालते तेही लिहा.