मताच्या दिवशी खाडा नाही!

(दिघाशी येथील सभेत केलेले भाषण)



आम्ही मागावरची माणसं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण धोट्याच्या खडखडाटात. तेव्हा थोडकंच बोलतो.

इंग्रजी अमलात मत माणसाला नव्हतं, मालमत्तेला होतं. १९३५ च्या कायद्यात सारा, घरभाडं, नाहीतर शिक्षण बघून नाव यादीत चढायचं. बाबासाहेबांच्या घटनेनं मालकाला एक आणि त्याच्या हमालालाही एकच मत दिलं. पण १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली. का? तर 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच लिहून दिलं होतं! भगिनींनो, आपलं नाव आपण सांगा.

१९५७ साली गोळ्या झेललेल्या मराठी माणसानं मतपेटीतून जाब विचारला. गिरणगावातून डांगे, दादरातून अत्रे आणि आपल्या ठाण्यातून शामराव परुळेकर निवडून आले. द्विभाषिक सरकार त्यानं पडलं नाही, हेही खरं. पण त्याचे पाय लटपटले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आता आमच्या पोटाची गोष्ट. आमची मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. एका मालकानं आम्हांला तोंडावर सांगितलं, "मत द्यायचं तर द्या, पण खाडा धरीन." आम्ही गप्प राहिलो नाही. १९९६ पासून कायद्यात १३५-ब कलम आहे: मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. मोडणाऱ्या मालकाला दंड आहे, पण फक्त ५०० रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाला कोण भितो? म्हणून एकट्यानं मागू नका, सगळ्या खात्यानं मिळून मागा.

कुणी म्हणतो, एका मतानं काय होतं? अरे, कारखान्यात आपल्याला 'ए मागवाल्या' अशी हाक. मतदान केंद्रावर सरकारी माणूस आपलं नाव मोठ्यानं वाचतो, आणि मालकही त्याच रांगेत उभा! ही बरोबरी आम्हांला दुसरीकडं कुठं मिळाली नाही.

पैसे घेऊन मत देणाऱ्याला आम्ही शिव्या देत नाही, त्याची चूल आम्हांला ठाऊक आहे. पण मशीनवर बोट कुठं पडलं ते वाटणाऱ्याला दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना ६ नंबरचा अर्ज, घर बदललेल्यांना ८ नंबरचा. दोन्ही आमच्याजवळ आहेत. रेशनकार्ड, आधार घेऊन आत्ताच या. लिहिता येत नसेल तर आम्ही भरून देऊ.