युद्धकाळातील स्त्रीश्रम



पालघर-बोईसरच्या स्त्रिया तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात, याचे आज कुणाला नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र देशातील स्त्रीश्रमाला कवाडे उघडली ती गरजेपुरतीच. खाणींतील पुरुष अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे वळले आणि कोळसा घटला. कोळशावाचून रेल्वे, गिरण्या चालणार कशा? म्हणून भूमिगत खाणींत स्त्रियांना असलेली बंदी १९४३ साली उठवण्यात आली. मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. निर्णयावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. खाणीतील धोका स्त्रीला काही कमी नव्हता! स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन हे तत्त्व बाबासाहेबांनी १९४४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. १९४६ साली बंदी पुन्हा आली आणि हजारो स्त्रियांची खाणीतील मजुरी थांबली.