शेतावरचे उड्डाण आणि यंत्राची निगा

पिकावर औषध फवारणारे विमान उंच उडत नाही, हीच त्याची खरी अडचण होय. दहा हजार मीटर उंचीवर एंजिन बंद पडले, तर वैमानिकाला विचार करण्यास काही मिनिटे मिळतात. फवारणीचे विमान पिकाच्या माथ्यावरून अवघ्या काही मीटर उंचीवरून जाते. तेथे एंजिनाने दगा दिला की समोर जी जमीन असेल तीवरच उतरावे लागते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास शेतीसाठी तयार केलेले ‘बसंत’ विमान १९७२ साली प्रथम उडाले. त्याचे एंजिन ४०० अश्वशक्तीचे होते, पण ते एकच. इंधनात उतरलेले पाणी किंवा धुळीने कोंदलेली हवागाळणी अशा विमानात क्षुल्लक ठरत नाही.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात आता हा प्रश्न ड्रोनच्या रूपाने शेतावर आला आहे. वैमानिकरहित विमानाच्या एंजिनाशी या शहराचा संबंध जुना आहे. ‘निशांत’ या विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल एंजिन विकसित करण्यात येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा वाटा होता. मार्च २००९ मध्ये ते कोलार येथे उडविण्यात आले. प्रवरा व मुळा कालव्यांखालील उंच वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे अतिशय कठीण. तेथे ड्रोन उपयोगी पडतो. २०२३ च्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने तो महिला बचत गटांसाठीही खुला केला.

यात एंजिनाची जागा विजेच्या मोटारींनी घेतली आहे. चार पंख्यांच्या ड्रोनची एक मोटार थांबली की तोल जातो. सहा पंख्यांचा बहुधा सावरून उतरविता येतो. मोटार अचानक थांबली असे वाटते, परंतु पात्याची चीर, कंपनाने ढिले झालेले स्क्रू, बेअरिंगमधील खरखर आणि औषधाने गंजलेली जोडणी ही आदल्या दिवशीही दिसू शकली असती. म्हणून काम संपताच टाकी व नळ्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि बॅटरी काढून प्रत्येक मोटार हाताने फिरवून पाहावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. उसाच्या वाळलेल्या पाचटात ड्रोन कोसळून लिथियम बॅटरी पेटली, तर नुकसान ड्रोनपुरते राहणार नाही.

हे सारे शिकविता येते. कठीण आहे ती हंगामातील घाई. कीड दिसली की प्रत्येकाला फवारणी आजच हवी असते, आणि ड्रोन उभा राहिला की गटाचे भाडे बुडते. चीर गेलेल्या पात्यावरच ‘आजचा दिवस निभावून न्या’ असा आग्रह बांधावरून होतो. आग्रह करणाऱ्यांत गावची वजनदार मंडळीही असतात. ड्रोन चालविणाऱ्या महिलेने त्यांना एकटीने नकार द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिचा नकार अंतिम राहील, असा ठराव गटाने व पंचायतीने हंगामापूर्वीच करावा. उड्डाणाचे तास, बॅटरी किती वेळा चार्ज झाली आणि कोणता भाग बदलला, यांची नोंदवही ड्रोनसोबत असावी. ती पाहूनच काम सांगावे. राखीव पाती व एक जादा मोटार यांचा खर्च एकरी भाड्यातच धरलेला असावा.