वाडवडिलांच्या नावांची वही
(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त तीर्थपुरी येथे केलेले भाषण)



जुबिलीच्या या मंगलप्रसंगी आम्ही धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी आपली इच्छा दिसली. परंतु देऊळ कसे उभे राहिले, घंटा कोठून आली, ही हकीकत या पुस्तिकेत अन्यत्र यावयाचीच आहे. आम्ही आज घराघरांच्या इतिहासाविषयी बोलणार आहो. आणि त्यासाठी आपणांस प्रथम फार दूर, जर्मन देशात नेणार आहो. तीर्थपुरीच्या शेतकऱ्यास जर्मनांशी काय कर्तव्य, असे कोणी मनात म्हणेल. त्याने अंमळ धीर धरावा.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, विशेषतः व्युर्टेंबर्ग व बाडेन या प्रांतांत, बापाच्या पश्चात जमीन सर्व मुलांत वाटण्याची चाल होती. दोन-तीन पिढ्यांत शेताचे असे तुकडे झाले की, त्यांवर एका कुटुंबाचेही पोट भरेना. त्यात १८१५ साली जावाच्या पूर्वेस तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुळीने आकाश झाकोळले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा म्हणून पडलाच नाही. पिके शेतात कुजली, आणि दुसऱ्या वर्षी भाकरीचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. पुढे १८४० नंतरच्या दशकात बटाट्यावर रोग पडला. वाटण्या आणि दुष्काळ! श्रोतेहो, ही कहाणी आपणांस परकी वाटते काय?

मग माणसे निघाली. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले. दक्षिण ब्राझीलमध्ये साओ लिओपोल्दो येथे २५ जुलै १८२४ रोजी पहिली एकोणचाळीस माणसे उतरली, आणि त्यांच्यामागून हजारो आली. समोर निबिड अरण्य होते. कुऱ्हाडीने जंगल तोडावे, झोपडी बांधावी आणि मका पेरावा, असा त्यांचा संसार सुरू झाला.

त्यांच्याही आधी, अठराव्या शतकात, जे फिलाडेल्फिया बंदरी उतरले, त्यांतील अनेकांपाशी जहाजाचे भाडेही नव्हते. कप्तान त्यांस उधारीवर आणी. बंदरात कोणी धनी येऊन ते भाडे फेडी, आणि त्याच्या बदल्यात त्या माणसास तीन, चार, कधी सात वर्षे त्याच्या घरी किंवा शेतात राबावे लागे. लेकरांस तर पुष्कळदा एकविसाव्या वर्षापर्यंत बांधून घेत. कधी आईबाप एका धन्याकडे आणि मुले दुसऱ्याकडे जात. दसरा होताच मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेस लागणारी जोडपी या सभेत बसली आहेत. त्यांस या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता विशेष ऐका. ज्यांचे पूर्वज असे उचलीवर विकले गेले, त्यांचे वंशज आज ती गोष्ट लपवीत नाहीत. ते ती अभिमानाने लिहून ठेवतात. आमचा खापरपणजा अमुक जहाजातून आला, इतकी वर्षे राबला व मग स्वतःच्या शेताचा धनी झाला, असे ते मुलांस सांगतात. दारिद्र्याची लाज त्यास, ज्याने ते दुसऱ्यावर लादले. ज्याने ते सोसले त्यास कसली लाज?

परंतु हे लिहून ठेवणे सोपे नव्हते. परदेशी गेलेल्यांची नावे बदलली. म्युलरचा मिलर झाला, श्मिटचा स्मिथ झाला. भाषाही गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणारा तो शत्रू, असे वारे अमेरिकेत वाहू लागले. नेब्रास्का संस्थानाने तर १९१९ साली लहान मुलांस परकी भाषा शिकविण्यास कायद्याने बंदी केली. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली रद्द केली. ब्राझीलमध्येही १९३८ पासून जर्मन शाळा बंद पडल्या. नातवास आजीची बोली कळेनाशी झाली, आणि आजीबरोबर गावाचे नावही विसरले.

अशा वेळी त्यांच्या उपयोगी काय पडले? देवळातील वही! १५६३ साली त्रेंतच्या धर्मसभेने नियम केला की, प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंद ठेवावी. राजाच्या दप्तरात धनवंतांची नावे असत. देवळाच्या वहीत गुराख्याचे व मोलकरणीचेही नाव असे. त्या वह्यांच्या आधारे अमेरिकेतील घराणी आज आपल्या मूळ खेड्यापर्यंत पोहोचतात. परंतु खेड्याचे नाव ठाऊक असेल तरच! ‘आम्ही प्रशियाचे’ एवढेच ज्याच्या आजाने सांगितले, त्याने शोधावे तरी कोठे? आपली वृद्ध माणसे ‘आम्ही मोगलाईतले’ म्हणत, तसेच ते. मोगलाई १९४८ साली गेली, जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. गावाचे नाव मात्र तेच राहिले. म्हणून गाव विचारावे.

आणखी एक दाखला देतो. हँबर्ग बंदरातून निघालेल्या प्रवाशांच्या १८५० पासूनच्या याद्या जपल्या गेल्या, आणि त्या आजही पाहावयास मिळतात. ब्रेमेन बंदरातील जुन्या याद्या जागा नाही म्हणून नष्ट करण्यात आल्या, आणि पुष्कळ मागाहून युद्धात गेल्या. एकाच खेड्यातून निघालेले दोघे भाऊ, एक हँबर्गहून गेला व दुसरा ब्रेमेनहून, तर एकाची नोंद सापडते आणि दुसऱ्याची नाही. अंतर पडले ते केवळ कागद जपणाऱ्याच्या हातामुळे.

हे जर्मन आपल्या महाराष्ट्रातही आले होते. १८७२ साली जर्मनीत जेझुइट धर्मगुरूंविरुद्ध कायदा झाला आणि त्यांस मायभूमी सोडावी लागली. मुंबई मिशन तेव्हा जर्मन जेझुइटांकडेच होते. १८६९ साली मुंबईस सेंट झेवियर कॉलेज त्यांनीच काढले होते. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यांतही त्यांनी मराठी शिकून सेवा केली. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा सरकारने शत्रुराष्ट्राचे म्हणून अनेक जर्मनांस अहमदनगरच्या छावणीत ठेवले, आणि १९१५-१६ साली ‘गोलकोंडा’ जहाजातून कित्येक मिशनरी, काही बायकामुलांसह, मायदेशी पाठविले गेले. माणसे गेली. परंतु धर्मगुरू जातो तेव्हा बाप्तिस्म्याची वही बरोबर नेत नाही. ती गावाची असते.

आता आमची चूक सांगतो. आपल्या धर्मग्रामात एक वृद्ध माता होत्या. कोणते घर कोणत्या गावाहून आले, कोणाची सोयरीक कोठे झाली, कोणत्या दुष्काळात कोण गेले ते परतलेच नाही, हे सारे त्यांस मुखोद्गत होते. ‘फादर, एकदा या, मी सांगते,’ असे त्यांनी आम्हांस तीनदा म्हटले. जुबिलीच्या कामांत आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ, असे करीत राहिलो. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो ते अंत्यविधीस. वही आमच्या कपाटात कोरी पडली होती.

म्हणून आमची विनंती ऐका. प्रत्येक घराने एक वही करावी. घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे आणि चार गोष्टी विचाराव्या: मूळ गाव कोणते, ते का सोडले, आजीपणजीचे माहेरचे नाव काय, आणि परगावी कोण गेले व कोठे आहे. बायकांची नावे विसरू नयेत; तीच प्रथम नाहीशी होतात. ऊसतोडीस जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी लिहावे. पुण्या-मुंबईस असलेल्या मुलांस पत्राने वा फोनने विचारावे. ज्यांस लिहिता येत नाही, त्यांनी रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे यावे. आम्ही स्वहस्ते लिहून घेऊ, आणि या वेळी उद्यावर टाकणार नाही.

जर्मनांच्या नातवंडांस समुद्र ओलांडून आजोबांचे गाव शोधावे लागले. आपल्या नातवंडांस ते घरच्या फडताळात सापडावे, एवढीच आमची इच्छा. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.