कारंज्याचा माळ

रान म्हटलें कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें झाडी उभी राहते. उंच वृक्ष, त्यांना वेढून वर गेलेल्या वेली, पायांखालीं कुजणारा पालापाचोळा आणि वरून अखंड ठिबकणारें पाणी, असें हें चित्र पुस्तकांनीं व चित्रपटांनीं सर्वांच्या मनावर पक्कें बिंबविलें आहे. तसें रान महाराष्ट्रांत आहेहि. सावंतवाडीच्या वर, सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोली नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें वर्षाकाठीं ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि पावसाळ्याच्या रात्रीं हातांत विजेऱ्या घेतलेले हौशी लोक बेडूक व साप शोधीत ओल्या झाडींतून हिंडतात. अशा गांवाचीं वर्णनें ऐकलीं म्हणजे अकोल्या-अमरावतीकडील एखाद्या सुशिक्षित कुटुंबास वाटतें कीं, निसर्ग पहावयाचा तर तो तिकडे. आपल्या वऱ्हाडांत काय आहे? काळी जमीन, कपाशी आणि ऊन!

ह्या समजुतीला वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें गांव चांगलें उत्तर आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला. ह्याची जमीन उंचवट्याची आहे. उत्तर अंगास पडलेला पाऊस काटेपूर्णेच्या वाटेनें पूर्णेंत, तेथून तापींत आणि अखेर सुरतेजवळ अरबी समुद्रांत जातो. दक्षिण अंगास पडलेला पाऊस अडाण व पैनगंगा ह्यांच्या वाटेनें वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा फिरत फिरत बंगालच्या उपसागरास मिळतो. एकाच ढगाचें पाणी दोन समुद्रांना वांटून देणारा असा हा प्रदेश आहे. परंतु तें पाणी बेताचेंच. वर्षाचा पाऊस ८००-९०० मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत उरकणारा. खोल काळ्या जमिनींत तो मुरतो व पीक देतो. माळावर मात्र काळ्या खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. मोठ्या वृक्षाच्या मुळांना तेथें जागा नाहीं. गवताचें तसें नाहीं. तें पावसाळ्यांत झपाट्यानें वाढतें, बीं टाकतें, वर वाळून जातें, आणि मुळाशीं जीव राखून पुढच्या मृगाची वाट पाहतें. म्हणून येथील मूळचें रान उभें नाहीं, आडवें आहे. तें छातीपर्यंतसुद्धां येत नाहीं. आणि एवढ्याचसाठीं तें रान आहे हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

कारंजा हें गांव जुनें आहे. करंज नांवाच्या ऋषीला मोठी व्याधी जडली, त्यानें अंबेचा धांवा केला, तिनें त्याच्यासाठीं तळें निर्माण केलें व त्यांत स्नान करून तो बरा झाला, अशी गांवाच्या नांवाची कथा आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें हें जन्मस्थान, त्यामुळें दत्तभक्तांची वर्दळ असते. जैनांचीं जुनीं मंदिरें आणि त्यांतील हस्तलिखितांचे संग्रह विद्वानांस ठाऊक आहेत. लाड व्यापाऱ्यांमुळें गांवाला कारंजा लाड असें म्हणतात. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथून जात असे. कापसाच्या गांठी वाहण्यासाठीं घातलेली ही गाडी लोकांनीं 'शकुंतला' ह्या लाडक्या नांवानें ओळखली. आतां ती बंद आहे. मूर्तिजापुरास उतरून एस. टी.नें कारंज्यास यावें लागतें. गाडीला शकुंतला हें नांव पडलें, आणि कालिदासाच्या शाकुंतलाचा पहिला प्रवेश दुष्यंतानें केलेल्या कृष्णसाराच्या पाठलागानें उघडतो. तो कृष्णसार म्हणजे काळवीट. आणि त्याच काळविटासाठीं कारंज्याजवळचा माळ आज राखून ठेवलेला आहे.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य इ. स. २००० मध्यें जाहीर झालें. त्याचें क्षेत्रफळ १८.३२ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारें सात चौरस मैल आहे. झाडीच्या अपेक्षेनें आलेल्या माणसाची येथें प्रथम निराशाच होते. पिवळें गवत, मधून मधून बोरी-बाभळी, दूरवर शेतें, आणि वर सारें आभाळ. दहा मिनिटें गेलीं तरी कांहीं दिसत नाहीं. मुलें कंटाळतात, मोठीं माणसें घड्याळ पाहतात. परंतु दाट अरण्यांत जनावर झाडामागें दडतें, तर माळावर तें आपल्या घाईमुळें दडतें, हें थोड्या वेळानें उमगतें. एके ठिकाणीं शांत बसावें, बोलणें थांबवावें, आणि डोळे सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावेत. मग जो मातीचा उंचवटा वाटला होता तो मान हलवितो, जीं वाळलेलीं काटकीं वाटलीं होतीं तीं शिंगें निघतात, आणि पाहतां पाहतां सारा कळप उलगडत जातो.

काळविटाचा नर वयांत आला म्हणजे त्याची पाठ गडद काळसर होते; पोट व डोळ्यांभोंवतालचीं वर्तुळें पांढरीं शुभ्र असतात. मळसूत्राप्रमाणें पीळ घेतलेलीं शिंगें सहसा नरालाच असतात. मादी फिकट तांबूस व बिनशिंगाची असते. चितळ-सांबरांचीं शिंगें दर वर्षी गळून पुन्हां येतात, काळविटाचीं मात्र जन्मभर टिकतात. माजावर आलेला नर माळाचा एक तुकडा आपला मानतो, ठराविक जागीं लेंड्यांचे ढीग घालून त्याची सीमा आंखतो, आणि मान वर करून, शिंगें पाठीवर टेकवून तिच्यावर डौलानें मिरवतो. भय वाटलें म्हणजे कळपांतील एखादी मादी प्रथम उंच उडी घेते, तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि मग सारा कळप जमिनीला पाय लागले न लागले असा निघून जातो. नवें पाडस मात्र पळत नाहीं. पहिले कांहीं दिवस तें गवतांत निश्चल पडून राहतें. गवत हेंच त्याचें घर, तेंच त्याचें पांघरूण. मनुस्मृतीनें कृष्णसार जेथें स्वभावतः वावरतो तो देश यज्ञाला योग्य मानला. ह्या श्रद्धेचा अर्थ कोणी कसाहि लावो. गवत टिकून राहिलेली भूमि मोलाची आहे एवढी ओळख तींत खास आहे.

ह्याच हरणामागें पूर्वीं बादशहा व राजे पाळलेले चित्ते सोडीत असत. तो चित्ता १९५२ मध्यें भारतांतून नाहींसा झाल्याचें जाहीर करावें लागलें. काळवीट वांचला, पण त्याचा माळ आकसत गेला. आणि माळ आकसण्याचें मोठें कारण एका शब्दांत सांगतां येतें. तो शब्द म्हणजे 'पडीक'. ज्या जमिनींत पीक नाहीं व झाडहि नाहीं ती पडीक, असें कागदोपत्रीं एकदां ठरलें कीं तिच्यावर कोणाचेंहि मन जातें. वऱ्हाडांत गांवच्या गुरचरणीच्या जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. त्या ई-क्लासावर आज नांगर फिरतो, उद्यां खाण लागते, परवां इमारत उठते. सद्हेतूनेंहि अपाय होतो. माळ उघडा दिसतो म्हणून तेथें झाडें लावण्याची मोहीम निघते. झाडें दाटलीं कीं सावलींत गवत मरतें, मोकळी दृष्टि हरपते, आणि जे प्राणी दूरवर पाहण्यावर व धांवण्यावर जगतात त्यांना तें रान परकें होतें. झाड लावणें हें पुण्यकर्म खरें, पण तें कोठें लावावयाचें ह्याचाहि विवेक हवा.

माळाशीं ज्याचें दैव सर्वांत घट्ट बांधलेलें आहे असा पक्षी म्हणजे तणमोर. हा कोंबडीएवढा पक्षी माळढोकाच्या कुळांतला आहे. पावसाळ्यांत नराला काळा-पांढरा वेष येतो आणि डोक्यावर मागें वळलेलीं नाजूक पिसें उगवतात. मादीला दिसावें म्हणून तो गवतांतून चार-सहा फूट उंच उडतो, हवेंत घोगरा शब्द करतो आणि पुन्हां गवतांत बुडून जातो. एका दिवसांत पांचशें वेळां अशा उड्या मारल्याच्या नोंदी आहेत. २०१७-१८ च्या सुमारास झालेल्या पाहणींत देशभर वीण करणाऱ्या नरांची संख्या साडेतीनशेंच्या आंतच असावी असा अंदाज निघाला, आणि २०२१ मध्यें ह्या पक्ष्याची गणना अत्यंत धोक्यांत असलेल्या जातींत झाली. अकोला-वाशीमचीं गवताळ रानें हें त्याच्या पावसाळी आश्रयस्थानांपैकीं एक आहे.

तणमोर कोठें उतरतो हें सर्वांआधीं कोणाला कळतें? ह्या भागांतील फासेपारध्यांना. तितर-लाव्यांना फास लावणें हा ह्या लोकांचा पिढीजात धंदा. १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांमुळें अनेक पारधी कुटुंबांच्या कपाळीं जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्यें उठला, पण शिक्का लोकांच्या मनांतून लवकर पुसला गेला नाहीं. फास लावणाऱ्याला पक्ष्याची वाट, त्याची वेळ, त्याचा शब्द, अंडीं घालण्याची जागा, सारें अचूक ठाऊक असावें लागतें. कारंजा येथील 'संवेदना' ह्या संस्थेनें हें ज्ञान ओळखलें. अकोला जिल्ह्यांतील वडाळा व आसपासच्या पारधी वस्त्यांना बरोबर घेऊन तिनें गवत व तणमोर राखण्याचें काम उभें केलें. जी नजर फासासाठीं तयार झाली तीच आतां पक्ष्यांची नोंद ठेवते. शिकारीला, बेसुमार चराईला व वणव्याला आळा घालण्याचा विचार वस्ती स्वतः करते. ज्यांना समाजानें गांवकुसाबाहेर ठेवलें त्यांनींच समाजानें पडीक म्हणून टाकलेल्या भूमीचें मोल जाणलें, ही गोष्ट पुष्कळ कांहीं शिकविणारी आहे.

तरी सारेंच गोड आहे असें नाहीं. माळाला लागूनच सोयाबीन, तूर, हरभरा व कपाशी ह्यांचीं शेतें आहेत. हरणांना, रोह्यांना आणि रानडुकरांना अभयारण्याची हद्द वाचतां येत नाहीं. पीक हाताशीं आलें कीं शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते. थंडींत मचाणावर बसून डबे वाजवावे लागतात. सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण जागलेल्या रात्रींची भरपाई कोणत्याहि अर्जांत मागतां येत नाहीं. पाहुण्याला जो कळप रमणीय वाटतो तो कोणाच्या तरी वर्षाच्या मिळकतींतला हिस्सा खाऊन पुष्ट झालेला असतो, हें त्यानें विसरूं नये. माळावरचें गवत जितकें चांगलें राहील तितका शेतावरचा भार हलका होण्याचा संभव. म्हणून गवत राखणें हें शेतकऱ्याच्याहि हिताचें आहे.

दुसरी चिंता रस्त्याची. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ह्याच प्रदेशांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्याची आंखणी काटेपूर्णा व कारंजा-सोहोळ ह्या दोन्ही अभयारण्यांस स्पर्शून गेली, म्हणून वन्य प्राण्यांना ओलांडण्यासाठीं रस्त्याखालून व रस्त्यावरून खास मार्ग बांधले आहेत. यंत्राच्या वेगानें जाणाऱ्या प्रवाशाला हा माळ दोन-चार मिनिटांत मागें पडतो, आणि तो रिकामाच होता असें तो घरीं सांगतो. त्या सांगण्यांतच माळाचा खरा धोका आहे.

तेव्हां ज्यांना हें रान पहावयाचें असेल त्यांनीं पाऊस सरल्यावर, आश्विनापासून माघापर्यंत यावें. वैशाखाचें ऊन पाहुण्याला सोसत नाहीं. वनखात्याची परवानगी घ्यावी. सूर्योदयापूर्वीं माळावर असावें. हिवाळ्यांत मध्य आशियांतून येणारे भोवत्या ससाणे गवतावरून खालून घिरट्या घालतांना दिसतात. चंडोल गात गात आभाळांत चढतात. एखादा दिवस काटेपूर्णा अभयारण्यासाठीं ठेवावा. तेथील झाडींत चौसिंगा राहतो, ज्याच्या नराला चार शिंगें असतात. वन्य प्राण्यांत असा दुसरा नाहीं. मोटार वाटेवरच ठेवावी, कळपामागें धांवडवूं नये, आणि पावसाळ्यांत तणमोराचें छायाचित्र काढण्याची हौस कितीहि झाली तरी आवरावी. विणीच्या पक्ष्याला न पाहणें हीहि त्याची एक सेवाच आहे.

परततांना प्रत्येकाच्या कपड्यांना कुसळें टोंचलेलीं असतात. ह्या कुसळांची शेपटी ओल लागतांच पीळ सोडूं लागते आणि त्या फिरण्यानें टोंकाचें बीं स्क्रूप्रमाणें जमिनींत शिरतें. कोणी न पेरतां गवत आपणहून पेरलें जातें तें असें. तीं कुसळें घरीं आल्यावर कुरकुरत काढण्यापेक्षां निघण्यापूर्वीं तेथेंच बसून, मुलांकडून एकेक उपटून माळावर टाकवावीं. पुढच्या मृगांत तीं रुजतील, आणि त्या गवतांत एखादें पाडस चार दिवस निर्धास्त पडून राहील.